त्रिकोणानं खाल्लेला मामा

आपण ज्या वस्तूला विसरतो, ती वस्तू मात्र आपल्याला कधीच विसरत नाही. हे वाक्य मी माझ्या निरोप समारंभाच्या भाषणासाठी तयार करून ठेवलं होतं. पुढे मी त्या वस्तूची प्रत्यक्ष चौकशी केली. तिनं मला साफ विसरून टाकलं होतं आणि ती माझ्या मित्राकडे मजेत नांदत होती.

वस्तू म्हणजे संगणकावरचा एक प्रोग्राम. वीसेक वर्षांपूर्वी एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीत तो मला सापडला. त्याचं काम एकच, मुद्दे मांडून ठेवणं. एका ओळीखाली दुसरी ओळ, तिच्या पोटात तिसरी, असं हवं तितकं खोल जाता यायचं. प्रत्येक ओळीच्या डावीकडे एक छोटा त्रिकोण असायचा. त्याच्यावर टिचकी मारली की त्या ओळीच्या पोटातलं सगळं मिटायचं, पुन्हा मारली की उघडायचं. जे मिटलेलं असेल ते छापताना कागदावर येत नसे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे एका लग्नात ती फार महागात पडली.

मी बिदर जिल्ह्यातल्या हुमनाबादच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. उन्हाळ्यात निवृत्त होईन. तेव्हा मी चाळिशीचा होतो आणि मला आमच्या भागातल्या मराठीवर ग्रंथ लिहायचा होता. पुस्तक नव्हे, ग्रंथ. लातूर-उदगीरकडची मराठी तीच आमची, फक्त आमच्या मराठीला कन्नडचा शेजार आणि दखनी उर्दूचा सहवास जरा जास्त. पुण्यातल्या माणसाला ती मराठी वाटत नाही आणि बंगळूरमधल्या माणसाला ती फारच मराठी वाटते. ठाणाकुशनूरच्या ज्या गल्लीत मी वाढलो तिथली म्हातारी माणसं एका वाक्यात तीन भाषा बोलून चौथीत हसायची. हे सगळं जगापुढे न्यायचं होतं. जग वाट बघत होतं असं मला वाटत असे.

तर मी त्या प्रोग्राममध्ये ग्रंथाचा आराखडा मांडला. भाग, प्रकरणं, उपप्रकरणं, त्यांची पोटं, पोटांची पोटं. प्रोग्रामला तेव्हा देवनागरी येत नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत मराठी लिहिली. रोज संध्याकाळी एखादी ओळ उजवीकडे सरकवायची, एखादी वर न्यायची, त्रिकोण मिटून पुन्हा उघडायचे. काम केल्यासारखं वाटायचं. आनंदाच्या भरात मी तो प्रोग्राम माझ्या मित्रालाही दिला.

हा मित्र म्हणजे माझा शाळेतला बाकसोबती. मी हॉस्टेलात राहणारा, तो गावातला. त्याच्या वडिलांचं भुसार दुकान, घर बसवण्णांना मानणारं. तो आईशी कन्नड बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी आणि यंत्र अडलं की दखनीत शिव्या देतो. त्यानं दुकान न चालवता छापखाना काढला. लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, जयंतीची पत्रकं आणि आता फ्लेक्स. प्रोग्रामची सीडी दिली तेव्हा तो म्हणाला होता, "सर, ह्याचा मला काय उपयोग? मी काय ग्रंथ लिहायलोय?" मला तेव्हा त्याची दया आली होती.

नंतर माझा संगणक बिघडला, मग भंगारात गेला. आराखड्याची फाइल ह्या पेनड्राइव्हवरून त्या पेनड्राइव्हवर फिरत राहिली. ग्रंथाची गोष्ट मात्र सगळ्या गावाला माहीत होती, कारण ती मी सांगत आलो होतो. ह्या वर्षी प्राचार्यांनी मला बोलावलं.

"सर, निरोप समारंभ आणि तुमच्या ग्रंथाचं प्रकाशन एकाच दिवशी करू. स्वामीजींची तारीख मिळालेली आहे."

आमच्याकडे ग्रंथ लिहून होण्याआधी स्वामीजींची तारीख घ्यावी लागते. ग्रंथ केव्हाही लिहिता येतो, तारीख मिळत नाही.

म्हणून मी फाइल शोधून काढली. नव्या लॅपटॉपनं ती कशानं उघडू असं मलाच विचारलं. प्रोग्रामचं पान इंटरनेटवर अजून होतं, राखाडी रंगाचं, पूर्वीसारखंच. त्याच्यावर ना कुणाचा फोटो, ना कुठली जाहिरात. प्रोग्राम लिहिणारा माणूस दूरच्या थंड देशात एकटाच राहतो आणि एकट्यानंच तो सांभाळतो, एवढं मला पूर्वीपासून ठाऊक होतं. सांभाळतो की सांभाळत होता, हे पानावरून कळेना. मी त्याला मेल लिहिला. पहिल्या परिच्छेदात ज्ञानव्यवहारात आराखड्याचं स्थान, दुसऱ्यात माझी भाषा, तिसऱ्यात माझं पद आणि अनुभव, आणि चौथ्याच्या शेवटी प्रश्न: ह्या प्रोग्रामची देखभाल अजून होते काय? खाली पदव्यांसकट सही.

आठवडा गेला, उत्तर नाही. तो माणूस वारला असावा असं मी ठरवलं. एका अर्थानं ते सोयीचं होतं. साधनच नाहीसं झाल्यावर ग्रंथ कसा होणार? वर दिलेलं गंभीर वाक्य मला ह्याच काळात सुचलं.

त्यानंतर प्राचार्यांनी समारंभाच्या पत्रिकेचा कच्चा मजकूर माझ्या हातात दिला आणि मी मित्राच्या छापखान्यात गेलो. तो गल्ल्यामागे संगणकावर कुणाची तरी लग्नपत्रिका जुळवत होता. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. डावीकडे त्रिकोण होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"हे? तूच दिलतास की! इसरलास?" त्यानं न बघताच दोन बोटांनी एक फांदी, म्हणजे पोटातल्या ओळींसकट एक ओळ, उचलली आणि वर नेऊन ठेवली. "ह्याच्याबिगर आपलं दुकान चालतंय कुटं? कालच नवी आवृत्ती आली बघ."

कालच. मी उभा होतो तो बसलो.

मित्रानं ह्या प्रोग्रामचं जे केलं होतं ते मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं. आमच्याकडे पत्रिका म्हणजे आमंत्रण नव्हे, ती उतरंड असते. वर दिव्य सान्निध्य म्हणजे स्वामीजी, त्याखाली अध्यक्ष, मग उद्घाटक, मग प्रमुख पाहुणे, मग ज्यांना प्रमुख म्हणता येत नाही पण न म्हणून चालत नाही असे. लग्नपत्रिकेत तर घराणीच्या घराणी. कोणाच्या खाली कोण, कोण कोणाच्या पोटात, कोण कोणाच्या शेजारी. चुकलं तर मांडव उठतो. मी ज्या प्रोग्रामात बोलीचा इतिहास मांडत होतो त्यात तो आसपासच्या दोन जिल्ह्यांतले रुसवे मांडत होता, आणि त्याच्याकडे ओळी कधी कमी पडल्या नाहीत.

"पण देवनागरी?" मी म्हणालो. "त्याला देवनागरी येत नव्हती."

"मी सांगितलं त्याला. मग यायली. कन्नडची जोडाक्षरं फुटायलती, तीबी सांगितली."

"कोणाला सांगितलंस?"

"प्रोग्रामवाल्याला. कामून? तुझी वळख न्हाई का त्याच्याशी?"

मत्सर हा शब्द मी वर्गात कित्येकदा फळ्यावर लिहिलेला आहे. षड्रिपूंत तो सहावा येतो, आणि शेवटचा म्हणून मी त्याला किरकोळ समजत आलो होतो. त्या दुपारी त्यानं बाकीच्या पाचांना बाहेर काढून आतून कडी लावली.

मित्रानं मग मला सगळं सांगितलं. त्याला सांगायला आवडतं, हा त्याचा दोष मी पूर्वीपासून जाणतो. झालं होतं असं. हुमनाबादच्या एका मुलीचं लग्न. मुलीचे मामा निर्णा गावचे, मोठ्या खटल्याचं एकत्र घर, दहा-बारा नावं, प्रत्येक नावापुढे काही ना काही पद. मित्राची पद्धत अशी की मामाकडची सगळी माणसं मुलीच्या आईच्या नावाच्या पोटात ठेवायची, कारण ती तिची माणसं. नावं लांबलचक, पडद्यावर मावेनात, म्हणून त्यानं आईच्या नावाशेजारचा त्रिकोण दाबून ती मिटली. बाकीची पत्रिका जुळवली. उघडायचं विसरला. आईचं नाव पत्रिकेत दिसत होतं, त्यामुळे कुणालाच काही खटकलं नाही. पत्रिका छापल्या आणि वाटायला सुरुवात झाली.

तिसऱ्या दिवशी निर्ण्याहून मामा आला. जीपभर माणसं घेऊन. छापखान्याच्या पायरीवर उभा राहिला आणि पत्रिका डोक्याच्या वर धरून ओरडला, "आमी मेलाव का रं?"

आमच्या घरी लग्नाला मंगल परिणय म्हणतात आणि पत्रिकेवर कुलदैवत नसतं. आमच्या वडीलमंडळींनी धर्म बदलला, विधी बदलले, पुष्कळ काही बदललं. मामाची जागा तेवढी कुणी हलवली नाही. त्यामुळे त्या पायरीवर काय झालं असेल ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! नावाच्या चिठ्ठ्या छापल्या, आन् दोनी घरची माणसं हितंच बसून पत्रिकेला डकवायलीत. मामा सोता डिंक लावायलाय. त्यानं त्याच्या पत्रिकेवर चिठ्ठी कुटं लावली म्हायती हाय? कुलदैवतावर! मी म्हणलाव, 'मामा, खाली लावा की.' त्यो म्हणला, 'ह्यो देव पत्रिकेत व्हता तवा त्यानं काय केलं?'"

त्या संध्याकाळी मित्रानं प्रोग्राम लिहिणाऱ्याला मेल केला. तो त्यानं मला दाखवला. त्याच्या इंग्रजीचं मराठी करायचं तर: "सर, लग्नात मोठं भांडण. तुमच्या त्रिकोणानं मामा खाल्ला. काहीतरी करा." एवढंच. नमस्कार नाही, सही नाही.

उत्तर त्याच दिवशी आलं होतं. लांबलचक. मामा म्हणजे नेमका कोण, तो आईच्या पोटात कसा, लग्नाशी त्याचा संबंध काय, त्याचं नाव नसेल तर कायद्यानं लग्न होतं की नाही. मित्रानं उत्तर दिलं. त्यानं आणखी विचारलं. हा पत्रव्यवहार मग थांबलाच नाही. मित्रानं एक पत्रिका पोस्टानं पाठवली, चिठ्ठी लावलेली; ती त्या माणसाच्या टेबलामागच्या भिंतीला टाचलेली आहे, फोटोत दिसते. मित्राच्या मुलीच्या लग्नात त्यानं शुभेच्छा पाठवल्या. तुरीचं कसं आहे ते तो दर हिवाळ्यात विचारतो. मित्राकडे एक गुंठाही तूर नाही.

"आन् हे बघ," मित्र म्हणाला. त्यानं प्रोग्रामच्या बदलांची यादी उघडली. आवृत्त्यांच्या त्या कंटाळवाण्या यादीत एक ओळ होती: छापण्याआधी मिटलेल्या फांद्यांची सूचना मिळेल, कल्पना बिदर जिल्ह्यातल्या एका छापखान्याची. "आतल्या कोडमधी त्या सूचनेला त्यानं 'मामा' नाव ठिवलंय. खरंच! मला दाखवलाय."

मी यादी दोनदा वाचली. ह्या भागाची बोली जगापुढे न्यायची म्हणून मी वीस वर्षं प्रकरणं रचत होतो. आणि ह्या भागातून जगात एक शब्द पोचला होता. तो मी नेला नव्हता. तो एका लग्नपत्रिकेतून गेला होता, आणि ज्यानं पाठवला त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्याला वाटलं असतं तर मला थोडं बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर मी बायकोला हे सांगितलं. प्रोग्राम मी शोधला, मी दिला, आणि ओळख त्याची, तक्रारी त्याच्या, आभार त्याचे. ती तांदूळ निवडत होती.

"त्यानं बंगला बांधला तवा तुमी येवढं उदास झाला न्हाईत," ती म्हणाली. "ह्या त्रिकोणाचं कामून मनाला लावून घ्यायलाव?"

"बंगला मी दिला नव्हता," मी म्हणालो.

"मग त्या माणसाला तुमीबी भांडणाचं कायतरी लिवा. चांगलं लिवलं तर कोण उत्तर देतंय?"

दोन दिवसांनी मला उत्तर आलं. माझ्या चार परिच्छेदांना त्या माणसानं तीन ओळींत उत्तर दिलं होतं. पहिली ओळ: हो, देखभाल चालू आहे. दुसरी: मामावाल्या मित्राला प्रोग्राम देणारे शिक्षक ते तुम्हीच काय? तो तुमच्याबद्दल नेहमी लिहितो. तिसरी: तुमचा ग्रंथ झाला का?

म्हणजे मित्रानं माझी आठवण दडवली नव्हती. ती तो वर्षानुवर्षं थंड देशात पाठवत होता. मत्सर करायला एवढी गैरसोय दुसऱ्या कशानंच होत नाही. तिसऱ्या ओळीला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

पत्रिका छापायला टाकायची वेळ आली तेव्हा मी पेनड्राइव्ह घेऊन छापखान्यात गेलो. मित्रानं माझी फाइल ओढली आणि ती उघडली, एकही अक्षर न सांडता. वीस वर्षांपूर्वीची फाइल नव्या आवृत्तीत अशी उघडते, ही त्या एकट्या माणसाची करामत. मी मनातल्या मनात त्यालाही माफ केलं नाही. पडद्यावर माझे भाग आले, प्रकरणं आली. रचना खरोखर देखणी होती. मित्रानंही मान हलवली.

"झकास हाय की रं, सर! आन् ह्याच्या पोटात?" त्यानं पहिला त्रिकोण उघडला. उपप्रकरण. त्याच्या पोटात आणखी एक. त्याच्याही पोटात रोमन अक्षरांत एक ओळ होती: येथे विस्तार करावा.

त्यानं दुसरा उघडला. येथे विस्तार करावा. तिसरा. मग सगळं एकदम उघडायची कळ असते, ती त्यानं दाबली. ती कळ कुठं असते ते मला माहीत नव्हतं. वरपासून खालपर्यंत तीच ओळ झाडाच्या पानांसारखी लटकत होती. मित्र दुसऱ्याची चूक सापडली की गावभर करणारा माणूस. ह्या वेळी मात्र त्यानं कळ पुन्हा दाबून सगळं मिटवलं आणि फाइल बंद केली. त्याचा हा चांगुलपणा मला अजिबात आवडला नाही.

मग त्यानं समारंभाची पत्रिका उघडली. दिव्य सान्निध्य: स्वामीजी. अध्यक्षता: संस्थेचे अध्यक्ष. उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, सगळे आपापल्या पायरीवर. शेवटी सत्कारमूर्ती म्हणून मी. माझ्या शेजारी, माझ्याच पातळीवर, स्वतंत्र ओळ: ग्रंथ प्रकाशन. तिच्यापुढे जागा मोकळी.

"ग्रंथाचं नाव काय टाकू?" त्यानं विचारलं.

बाहेर फ्लेक्सचं यंत्र कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फलकावरचा हसरा जबडा छापत होतं.

"प्राचार्यांनी काढू नको म्हणून सांगितलंय," मित्र म्हणाला. "ओळ खोडली तर फोन येतोय मला. खोडायची न्हाई."

"मग?"

"खोडायची न्हाई म्हणलाव." त्यानं ग्रंथ प्रकाशनाची ओळ धरली, एक पायरी उजवीकडे सरकवली आणि माझ्या नावाच्या पोटात ठेवली. मग माझ्या नावाशेजारच्या त्रिकोणावर टिचकी मारली. ओळ आत गेली. माझं नाव जागच्या जागी राहिलं, कुणाला काही खटकणार नाही असं.

त्यानं छपाईची आज्ञा दिली. पडद्यावर मधोमध चौकट आली. एक फांदी मिटलेली आहे, तरी छापायचं का? खाली हो आणि नाही.

"मामा इचारायलाय," मित्र म्हणाला आणि माऊसवरचा हात काढून घेतला. "तू दाब."

ह्या प्रोग्रामनं मला काही विचारलं असं वीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं, आणि प्रश्न मित्रानं घालायला लावलेला होता. मी हो दाबलं.

पत्रिका एका पानात बसली. त्यात माझ्या नावाखाली फक्त छापखान्याचं नाव आहे.